पारोसं पाणी

नागपूरहून सांगलीपर्यंत महाराष्ट्र एक्स्प्रेसनं माणूस येत नाही, आणून टाकला जातो. माया बनसोडे गुरुवारी सकाळी स्टेशनवर उतरली तेव्हा तिच्या पाठीचं लाकूड झालं होतं आणि पायाखालची फरशीसुद्धा हलत होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हा वडिलांचा हट्ट. त्यांचे गुडघे गेलेले, एकट्याला सोडवेना, म्हणून ती सोबत गेली. आता त्यांना रिक्षात बसवून घरी लावून दिलं आणि तिनं मात्र पिशवी खांद्याला अडकवून कॉलेजची वाट धरली. आंघोळ नाही, चहा नाही. जीव सगळा त्या टाकीत अडकलेला.

टाकी म्हणजे माशांची, आणि तीही साध्या माशांची नव्हे, खाऱ्या पाण्याची. जूनमध्ये प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख कणसे सर मुंबईला जाऊन मत्स्यालय बघून आले आणि त्यांच्या डोक्यात शिरलं की सांगलीत समुद्र पाहिजे. सरांच्या डोक्यात काही शिरलं की ते दुसऱ्याच्या गळ्यात पडतं, हा विभागाचा जुना रिवाज. गळा सापडला मायाचा. तिचा गळा नेहमीच सापडायचा, कारण ती तात्पुरती होती. चार वर्षं झाली, एप्रिलला कार्यमुक्त आणि जूनला नव्यानं नेमणूक. मधले दोन महिने मोजायचेच नाहीत, म्हणजे सलग नोकरी कधी होतच नाही. चार वर्षं शिकवून बाई कागदावर कायम दहा महिन्यांची. यंदा मात्र सरांनी तोंडानं शब्द दिला होता. ऑक्टोबरात तपासणी समिती येणार, तिच्यासमोर टाकी जिवंत दिसली पाहिजे. "टाकी उभी करा बनसोडे मॅडम, तुमच्या कायमपणाची शिफारस मी स्वतः करतो."

पहिल्या खेपेला सरांनीच घाई केली. रत्नागिरीहून कॅन भरून पाणी आणलं, वाळू घातली, त्याच संध्याकाळी मासे सोडले आणि फोटो काढला. चौथ्या दिवशी सगळे मासे उताणे. सर म्हणाले, मासे खराब दिले. माया मात्र मुंबईच्या मत्स्यालयात काम करणाऱ्या एका मैत्रिणीला पत्रावर पत्र लिहीत बसली आणि तिला कळलं ते असं, की नवं पाणी हेच विष. मासा मुततो, हगतो, त्याचा अमोनिया होतो आणि त्यातच तो मरतो. ती घाण खाऊन पचवणारे जंतू वाळूत, शिंपल्यांत, काचेवर हळूहळू बसावे लागतात. त्याला दीड-दोन महिने लागतात आणि तेवढे दिवस टाकीला हात लावायचा नाही. मासेसुद्धा नकोत. नुसता एक कोळंबीचा तुकडा टाकायचा आणि तो कुजू द्यायचा.

म्हणून तिनं सात आठवडे कुजत घातलेल्या पाण्याकडे बघत काढले. काचेवर तपकिरी बुरा धरला. वास सुटला. इंग्रजीच्या बाई नाकाला पदर लावून जिना चढायच्या. रोज सकाळी माया परीक्षानळीत ते पाणी घ्यायची, त्यात रसायन विभागाकडून मागून आणलेल्या नेसलरच्या द्रावणाचे थेंब टाकायची आणि खिडकीशी धरायची. पिवळं झालं की अमोनिया आहे. आधी गडद पिवळं, मग फिकट, मग आणखी फिकट. नागपूरला निघायच्या सकाळी नळी जशी धरली तशी राहिली, पिवळेपणाचा मागमूस नाही. माया तिथंच टेबलाला टेकून उभी राहिली. हसावं की झोपावं हेच तिला कळेना. कोळंबी पुरती विरून गेली होती, तिच्या जागी दुसरा तुकडा टाकला. ती परत येईपर्यंत जंतूंना तेवढं पुरलं असतं.

जाताना प्रयोगशाळेच्या परिचराला, सिद्धूमामाला, तिनं बजावलं होतं. "मामा, टाकीला हात लावू नका. पंप तेवढा चालू राहू दे."

"व्हय मॅडम," सिद्धू म्हणाला होता. तीस वर्षं त्यानं कुणालाही 'न्हाई' म्हटलं नव्हतं.

आता तिनं दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकली.

टाकी लखलखत होती. काचेतून पलीकडची खिडकी, खिडकीतला गुलमोहर, गुलमोहराखालची सरांची स्कूटर, सगळं स्वच्छ दिसत होतं. वाळू धुतलेल्या तांदळासारखी पांढरी. शिंपले दातासारखे. काचेच्या मधोमध हळदीकुंकवाची पाच बोटं, वरून झेंडूची माळ, दोन्ही कोपऱ्यांत आंब्याचे डहाळे. बुरा नाही, वास नाही, काही नाही.

"आलासा व्हय मॅडम!" सिद्धू पुढं झाला. टोपी काढून त्यानं हातात धरली. तोंडावर असं हसू की लेकीच्या लग्नात सुद्धा आलं नसेल. "बगा. दोन दिस खपलोय. खांडेनवमीला समदं कॉलेज धुतलं, ह्या साली गांधीजयंती बी त्याच दिवशी, म्हून प्राचार्यांनी सोता झाडू घेतल्याला. सरांची स्कूटर धुतली, तराजू, दुर्बिणी, जिमखान्याची वजनं बी धुतली. म्हटलं, हिलाच एकलीला पारोसं कसं ठेवायचं?"

"काय काय धुतलंत मामा?"

"समदं. वाळू काढून पाच पान्यांनी नळाखाली धुतली, उनात वाळिवली. शिपलं कढत पान्यातनं काढलं. काच राखंनं घासली. पन पानी मातर खारंच घातलं बरं का, कोठीतल्या कॅनातलं. तेवडं ध्येनात हाय माज्या." आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "तुमी हितं नव्हतासा. तुमच्या वस्तूला फूल कोन घालनार? म्हून म्या पैलं हितनंच सुरवात केली. प्राचार्यांच्या आदी."

मायाच्या घशापर्यंत शिव्या आल्या होत्या. त्या तिथंच अडकल्या. या कॉलेजात चार दसरे झाले होते. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं, "तुमच्यात चालत नाही ना?" दुसऱ्या वर्षापासून विचारणंही थांबलं. तिच्या टेबलाला कधी फूल आलं नाही. तिला ते नकोच होतं, ती कधी मनाला लावून घेतही नव्हती. पण आज ती माळ बघून तिला रडू येऊ लागलं आणि त्या रडण्याचा तिला अतोनात राग आला. ज्या माणसानं पहिल्यांदा मान दिला त्यानंच सात आठवड्यांची माती केली! आता ओरडायचं तरी कुणावर?

ती स्टुलावर बसली. पिशवी खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही.

"मॅडम? काय झालं वो?"

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, दमलेल्या माणसासारखं, एकेक करून. अमोनिया, जंतू, वाळू, बुरा. ती घाण म्हणजेच टाकीचा जीव होता, मासे नंतर यायचे होते.

सिद्धू ऐकत राहिला. तो जतकडचा, धनगराचा. बाप, आजा मेंढरांमागं गेले, हाच तेवढा दुष्काळात सांगलीला आला आणि शिपाई झाला. त्यानं टोपी डोक्याला घातली, पुन्हा काढली.

"म्हंजी मेंढरं बसवल्यागत," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडं रानात मेंढरं बसवत्यात. ताजी लेंडी, ताजं मूत पडलं आन लगीच पेरलं, तर कोंब जळून जातोय. जमिनीनं ते मुरवाय पायजे. एक पाऊस, दुसरा पाऊस. मग तेच पिकाला पोसतंय. ही टाकी मुरत हुती म्हना की."

"हो."

"आन म्या ती खरवडून काढली." मग त्याच्या आवाजात राग आला, तीस वर्षांत पहिल्यांदा. "आवं मॅडम, मग आदी का न्हाई सांगितलं? हात लावू नगा म्हनलासा. हात तर म्या सरांच्या खुर्चीला बी लावायचा न्हाई, पन ती पुसतोय का न्हाई रोज?"

साठ पोरांच्या वर्गात तिनं हाच अमोनिया फळ्यावर बाण काढून काढून शिकवला होता, त्यांतली निम्मी खिडकीबाहेर बघत होती. आणि जो माणूस रोज सकाळी तिच्या आधी येऊन त्या टाकीशेजारी उभा राहायचा, त्याला तिनं फक्त हुकूम दिला होता. का म्हणून सांगायचं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला स्वतःला सगळे असंच वागवतात, याचं तिला चार वर्षं वाईट वाटत होतं.

"चुकलं मामा," ती म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं तर पुन्हा सात आठवडे बसली असती ती. पण चुकलेल्या माणसाला सवड मिळत नाही. अकरा वाजता कणसे सर आले, टाकी बघून दोन्ही हात पसरले. "वा! काय आरसा केलाय! आता दिसतेय टाकी! आणि बरं का मॅडम, मासे आले. सकाळच्या बसनं. बुधवारी समिती."

थर्मोकोलच्या खोक्यात चार पिशव्या होत्या. दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आणि दोन निळे, बोटाच्या पेराएवढे. रात्रभर बसमध्ये हिंदकळून आलेले, तोंड उघडमिट करत होते. पिशवीत ठेवले तर संध्याकाळपर्यंत मरणार. टाकीत सोडले तर जरा सावकाश मरणार.

मायानं सरांना समजावून पाहिलं. सर ऐकून घेतात तेव्हा घड्याळाकडं बघतात. "पाणी खारं आहे ना? पंप चालू आहे ना? मग सोडा. समुद्रात कोण परीक्षानळी घेऊन बसलंय?"

सोडले. दुसरा इलाजच नव्हता. टाकीतला अमोनिया वाढू द्यायचा नसेल तर रोज पाणी बदलायचं, एवढाच एक उपाय हातात उरला. कोठीत दोन कॅन शिल्लक होते. पुढच्या पाण्यासाठी सिद्धूच म्हणाला, "म्या जातो." आणि शुक्रवारी पहाटे रिकामे सहा कॅन सुतळीनं बांधून तो रत्नागिरीच्या एसटीत बसला. त्यानं आयुष्यात समुद्र बघितला नव्हता.

शनिवारी दुपारी तो परत आला. कॅन टपावरून उतरवून, हातगाडीवर घालून, स्टँडपासून कॉलेजपर्यंत ढकलत आणलेले. कमरेत वाकला होता.

"कसा आहे समुद्र?" मायानं विचारलं. तिलाही काहीतरी बोलायला हवं होतं.

"लय हाय," सिद्धू म्हणाला आणि कॅनवर टेकला. थोड्या वेळानं म्हणाला, "वास पन मॅडम, आपल्या टाकीचाच. धुवायच्या आदीचा. म्हंजी आपलं बरूबर चाललं हुतं."

त्यानंतर चार दिवस दोघांनी पाणी उपसलं आणि पाणी घातलं. सकाळी एक कॅन, संध्याकाळी एक. नळीनं तोंडानं ओढून जुनं पाणी काढायचं, ओढताना घोट घशात जायचा. नवं पाणी लोट्यानं हळूहळू घालायचं, मासे बिचकू नयेत म्हणून. मधल्या वेळात मायाचे तास, पोरांचे प्रॅक्टिकल, बेडूक, झुरळं, जर्नलं तपासणं. रविवारी एक निळा मेला. सोमवारी दुसरा. मायानं त्यांना कागदात गुंडाळलं, तिला काही वाटलं नाही. वाटायला अंगात काही उरलंच नव्हतं. परीक्षानळी रोज पिवळी, रोज जरा जास्त.

बुधवारी समिती आली. तिघेजण, सफारी घातलेले, जेवणानंतरचे. कणसे सरांनी टाकीवर पाटी लावली होती, 'स्थिर सागरी परिसंस्था, स्थापना जुलै.' नारंगी मासे दोन्ही वर येऊन हवा गिळत होते. समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्याच वेळी त्यांतला एक आडवा झाला, एकदा गोल फिरला आणि खाली वाळूवर जाऊन पडला. त्या लखलखीत काचेतून तो अगदी स्पष्ट दिसला. धुतलेल्या टाकीचा तेवढाच उपयोग झाला.

"स्थिर," म्हातारे गृहस्थ म्हणाले. दुसरा हसला. मग सगळे चहाला गेले.

संध्याकाळी सरांनी मायाला बोलावलं. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी पंखा तिच्याकडं वळवला.

"बसा. समितीनं शेरा मारलाय. खुलासा द्यावा लागेल लेखी. सिद्धूनं परस्पर टाकी धुतली, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहा. परिचरानं परवानगीशिवाय धुतली, सूचना दिलेली असताना धुतली. त्याला एक लेखी ताकीद मिळेल. दोन वर्षं राहिलीत त्याची, त्याचं काय जातंय? तुमची फाइल स्वच्छ राहील आणि शिफारस मी उद्याच पाठवतो. मी शब्दाचा पक्का आहे, मॅडम."

आणि होतेही. एवढं सोपं होतं सगळं.

माया प्रयोगशाळेत येऊन कागद पुढं घेऊन बसली. सिद्धू खिडक्या लावत होता. बातमी त्याला आधीच लागली होती, कॉलेजात शिपायाला सगळ्यात आधी कळतं.

"लिवा की," तो पाठमोराच म्हणाला. "खोटं काय हाय त्यात? म्याच धुतलं. ताकीद म्हंजी कागूद. माज्या पोरांच्या नोकऱ्या लागल्यात. तुमचं आख्खं आयुष्य पडलंय. लिवा, म्या न्हेऊन देतो."

तिनं लिहिलं. 'परिचर सिद्धू यांनी सूचना असतानाही टाकी धुतली.' शब्दन् शब्द खरा होता. तिनं ते वाचलं, पेन मिटलं, कागद पुढं केला. सिद्धूनं हात पुढं केला. तिनं कागद सोडला नाही.

"काय झालं?"

"थांबा मामा."

तिला एवढा थकवा आला होता की खोटं बोलायचीही ताकद नव्हती, असं ती पुढं कधीतरी वडिलांना सांगणार होती. ते काही पूर्ण खरं नव्हतं. त्या झेंडूच्या माळेपुढं तिला स्वतःची लाज वाटली, हे खरं. तिनं पेन उघडलं आणि खाली आणखी लिहिलं. 'मी त्यांना टाकीला हात लावू नका एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं असतं. माशांच्या मरणाची जबाबदारी माझी आहे.' सही केली. तारीख घातली.

हा कागद तिनं सिद्धूच्या हाती दिला नाही. स्वतः नेला.

सरांनी तो दोनदा वाचला. "बनसोडे मॅडम, हे असं लिहून दिल्यावर मी शिफारस काय तोंडानं करू? खालच्या चार ओळी काढा."

"नाही सर."

"एप्रिलला तुमचा कार्यकाळ संपतो. जूनला पुन्हा नेमणूक होईलच, असं मी आता सांगू शकत नाही."

"माहीत आहे सर."

ती दार लोटून बाहेर आली. चार वर्षं शिफारशीच्या एका ओळीसाठी थांबली होती आणि ती ओळ स्वतःच्या हातानं घालवून आली. शहाणपण केलं की मूर्खपणा, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

प्रयोगशाळेत सिद्धू टाकीसमोर उभा होता. उरलेला एक नारंगी मासा कोपऱ्यात, पंपाच्या बुडबुड्यांजवळ, हळूहळू पर हलवत होता. सिद्धूनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. "काय करून आलासा मॅडम," तो म्हणाला, "काय करून आलासा." त्याचे डोळे भरले होते. त्यानं ते टोपीनं पुसले.

"टाकी मुरायला पुन्हा दोन महिने लागतील," माया म्हणाली. "हा जगला तर त्याच्यावरच मुरेल. रोज थोडं पाणी बदलायचं. काच घासायची नाही. डिसेंबरात नळी पांढरी येईल."

"आन एप्रिलात? तुमी न्हाईसा मग?"

"नसेन बहुतेक. तुम्हालाच बघायची आहे."

तिनं नेसलरची बाटली आणि परीक्षानळी टेबलावर मांडली आणि दुसरं स्टूल ओढून त्याच्याकडं सरकवलं. तो मागं सरला. त्या खोलीत मास्तरांसमोर तो तीस वर्षांत कधी बसला नव्हता.

"बसा मामा. उभ्यानं नाही सांगता येत."

तो अंग चोरून, स्टुलाच्या कडेवर बसला. नळीत टाकीतलं पाणी भरून त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. मायानं थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"हां," सिद्धू म्हणाला. "आता सांगा. का?"